हात मागे, डोळे पुढे

त्यानं आमच्या वर्गात टाकलेलं पहिलंच पाऊल पुलावर पडलं.

पूल लाकडी ठोकळ्यांचा होता आणि भिंगरी सकाळपासून तो बांधत होती. भिंगरी म्हणजे आमच्या बालशाळेतली चार वर्षांची पोर. एका जागी टिकली तर नवल, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र ती टिकली होती. आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला हा लांबोडा माणूस ऑफिसचं दार समजून आमचं दार ढकलतो काय, आणि धाडकन...

"अहो, पाय! पाय कुठे ठेवताय?" मी ओरडले.

"अरे देवा... सॉरी हं. थांबा, मी लावून देतो—" तो खाली बसून ठोकळे गोळा करायला लागला.

"हात लावू नका!"

"पण मीच पाडला ना?"

"पाडलात तेवढं पुरे झालं. आता गप बसा. हात मागे, डोळे पुढे."

तो खरंच बसला की! एवढा मोठा माणूस, छोट्याशा सतरंजीवर मांडी घालून, वर्गाबाहेर काढल्यासारखा चेहरा करून. मला हसू फुटत होतं. मी ते गिळलं.

भिंगरी रडली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पुलाकडे. मग रुंद ठोकळे निवडून खाली ठेवले आणि अरुंद वर. सकाळी तिनं नेमकं उलटं केलं होतं. मी भराभरा टिपत होते, तेवढ्यात खट्ट आवाज झाला. त्यानं फोटो काढला होता. चेहऱ्याचा नाही, ठोकळ्याच्या कडेशी अडखळलेल्या दोन इवल्या बोटांचा.

"हात मागे म्हटलं होतं ना?"

"एकच पुढे आला," तो कुजबुजला. "दुसरा अजून मागेच आहे, बघा."

तो आला होता संस्थेच्या माहितीपत्रकासाठी इमारतीचे फोटो काढायला. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो बोटांचा फोटो पाहिला आणि सत्र संपेपर्यंत त्याला ठेवूनच घेतलं. मुलं खेळत असताना मी नोंदी करायच्या, त्यानं फोटो काढायचे आणि दोन्ही मिळून वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावायचे. पोर काय शिकतंय ते आईबापांना दिसावं म्हणून.

कारण आईबाप विचारतात, "इथे नुसतं खेळवतात ना?" नुसतं! या एका शब्दानं माझं डोकं फिरतं. चार वर्षांच्या जीवाकडून यांना कारकुनी हवी असते. पोर या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओततं, तेव्हा ते अंदाज बांधतं, चुकतं, पुन्हा बांधतं. पण ते बघायला जमिनीवर बसावं लागतं, आणि मोठ्या माणसांच्या विजारीची इस्त्री मोडते.

त्याची मोडायची. त्याला काही वाटायचं नाही. वाळूत पालथा पडून फोटो काढायचा आणि उठला की कोपराला, भुवईला, कुठेही वाळू.

आमच्या कामाचा नियम एकच. मुलाच्या मध्ये पडायचं नाही. सुचवायचं नाही, मदत घुसडायची नाही. थांबायचं. आणि दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं व्हरांड्यात फोटोंखाली ओळी लिहायचो, तिथे त्याची रोज शाळा घ्यावी लागायची.

"'भिंगरी खूश आहे,'" त्यानं वाचून दाखवलं.

"खूश कुठे दिसली? दिसलं काय ते सांगा."

"जीभ ओठांच्या कोपऱ्यात. डोळे ठोकळ्यावर. श्वास... बहुतेक रोखलेला."

"हं. हे लिहा."

तो लिहू लागला. मग मान वर न करताच म्हणाला, "तुम्ही रागावलात की पेन्सिल कानामागे खोचता."

"माझ्या नोंदी करायच्या नाहीत."

"आत्ता खोचलीत."

"म्हणजे मी रागावलेय?"

"ते वाटणं झालं, ताई. मला फक्त पेन्सिल दिसली."

मुलांसारखं तोही मला ताई म्हणायचा. पहिल्या आठवड्यात ते बरं वाटायचं. नंतर... नंतर त्या शब्दाचा मला भारी राग यायला लागला. पेन्सिल कानामागे जायची, आणि तो हसायचा.

सत्र संपत आलं तेव्हा एका संध्याकाळी तो म्हणाला, "प्रवासी जहाजावरून होकार आलाय. फोटोग्राफरची नोकरी. दोन वर्षांचा करार... शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

आणि माझ्याकडे बघत राहिला.

तोंडापर्यंत आलं होतं, नको जाऊस. पण इतकी वर्षं अंगात भिनलेलं काम! कुणी काही ठरवत असेल तर मध्ये पडायचं नाही. त्याचं त्यानं ठरवायला हवं. मी थांबले. तोही थांबला, मीच शिकवलं होतं ना त्याला! दोन शहाणी माणसं एकमेकांसमोर हात मागे बांधून उभी.

"बरं," तो म्हणाला. "येतो."

आतून आमच्या मदतनीस मावशी फडका आपटत आल्या. "झालं का मौनव्रत?"

"मावशी, त्याचा निर्णय आहे. मी कशाला ढवळाढवळ करू?"

"अगं, पोरांना मोकळं सोडतेस ते ठीक. हा बाप्या बत्तीस वर्षांचा घोडा आहे! त्याला सांगितल्याशिवाय काय डोंबल कळणार?"

"त्याला काही वाटत असतं तर तो बोलला असता."

"तो हेच तुझ्याबद्दल म्हणत घरी गेला असणार. बसा दोघं, ठेवा एकमेकांवर लक्ष."

शुक्रवार उजाडला. वर्गात मुलांनी खुर्च्यांची बस केली होती. ड्रायव्हर, कंडक्टर, कडेवर बाहुल्या घेतलेले प्रवासी... नुसता कल्ला! भिंगरी तेवढी बाजूला उभी होती. हात पाठीमागे, मान कलती. मी नेहमीसारखी वाट पाहिली. ती हलेना. शेवटी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"काय चाललंय गं तुझं?"

"मी ताई झालेय."

"अस्सं? बसमध्ये नाही बसायचं?"

"बसायचंय."

"मग?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कसं कळत नाही हिला. "ताई बसत नाही. ताई बघते."

कुणी मुस्काटात मारली असती तरी एवढं झोंबलं नसतं. थांबणं हे काम आहे, मान्य. पण मी ते घरीदारी अंगात घालून फिरत होते, आणि आत होती ती निव्वळ भीती. तो नाही म्हणाला तर? ही भीती मी नियमाच्या नावाखाली खपवत होते. आणि पोर ती माझ्याकडून शिकत होती!

मी तिचा हात धरला. "कंडक्टर, दोन जागा आहेत का?"

"तुझे पाय मोठेत," कंडक्टर म्हणाला. "पण सरका रे!"

आम्ही बसलो. भिंगरी खिदळत माझ्या मांडीवर आपटली. पुढच्या थांब्याला मी उतरले आणि मावशींना म्हटलं, "वर्गाकडे बघा जरा."

"बघते, बघते. तू पळ."

तो व्हरांड्यात शेवटचे फोटो चिकटवत होता. एक कोपरा सुटून लोंबत होता. मी जाऊन तो तळव्यानं दाबला, उगाच, हातांना काही काम हवं म्हणून.

"कळवलंस?" अहो-जाहो कुठे गळून पडलं, कोण जाणे.

तो चमकला. "अजून नाही. पाचपर्यंत वेळ आहे."

"मग ऐक. मला तू आवडतोस. वाळूनं भरलेल्या भुवयांसकट आवडतोस. तुला समुद्र हवा असेल तर खुशाल जा, मी रडेन आणि वर्गावर जाईन. पण मला काही वाटत नाही असं समजून जाऊ नकोस. ते खोटं आहे."

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "समुद्र कुणाला हवाय? मला बोट लागते."

"मग अर्ज कशाला केलास, गाढवा?"

"सत्र संपणार होतं... इथे रोज यायला दुसरं निमित्त सापडेना. म्हटलं, निदान लांब तरी जावं."

त्यानं खिशातून फोन काढून नंबर लावला. "हॅलो, हो... नाही. म्हणजे, हो, मीच बोलतोय, पण नाही, येत नाहीये. कारण? कारण... खासगी आहे. हो, खूपच खासगी. आत्ताच घडलंय."

फोन त्याच्या डाव्या हातात होता. उजव्या हातात माझा हात होता, आणि दोघांच्याही बोटांना डिंक लागलेला. तो भराभर वाळत चालला होता. सोडवायची घाई कुणालाच नव्हती.