जमिनीवर झोपणारे पाहुणे

मुलांनो, माझ्याबरोबर मनातल्या मनात एक खोली उभी करा. फार मोठी नको. आठ पावलं लांब, सहा पावलं रुंद. एक खिडकी, एक दिवा, कपड्यांसाठी तीन खुंट्या. भिंतीला लागून एक पलंग. केली उभी? आता त्या पलंगाकडे नीट बघा, कारण आपल्या गोष्टीतला सुतार त्याच्यापायी पार वैतागून गेला होता.

ही त्याची लाकूड ठेवायची खोली. गावात एक मंडळ होतं. घर नसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रात्री रस्त्यावर राहू नये, म्हणून ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी एकेकाला रात्रीपुरतं घरी घ्यायचं, असं मंडळाचं काम. सुताराने नाव दिलं. बायको इस्पितळात रात्रपाळीला असायची. घरात तो आणि आठ वर्षांची मुलगी पिटुकली. त्याने लाकडं मागच्या पडवीत हलवली, भिंती रंगवल्या आणि आठवडाभर खपून पलंग केला. गुण्या लावून कोपरे काटकोनात जुळवले, पाणसळ ठेवून पाय समतल केले. वर नवी कोरी गादी.

पहिला पाहुणा आला, एक उंच मुलगा. सकाळी सुतार बघतो तर पोरगं जमिनीवर मुटकुळं करून झोपलेलं. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नाही.

"गादी टोचते का रे?"

"नाही काका. चांगली आहे."

"मग?"

मुलगा बुटाची नाडी बांधत बसला.

दुसरा आला, तोही जमिनीवर. तिसरी, चौथा, पाचवा, सगळे तसेच. मंडळाच्या बाई म्हणाल्या, "मऊ गादीची सवय नसते हो त्यांना. मनाला लावून घेऊ नका." सुताराला ते पटलं, आणि तरी लागलंच. त्याने पलंग हलवून पाहिला, करकरत नव्हता. एका दुपारी स्वतः आडवा झाला, तर पडल्या पडल्या डोळा लागला. पलंगात काही खोट नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याच्या कारागिराच्या नजरेने टिपली. सगळे एकाच जागी झोपत, खिडकीखाली, पाय आखडून. पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी ठेवून. आणि या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

मग ती मुलगी आली. सतरा वर्षांची, बोलायला कमी, कामाला वाघ. दोन गल्ल्या सोडून असलेल्या बेकरीत तिला काम लागलं होतं. पहाटे चारला हजर व्हायचं. पंधरा दिवस एकदाही उशीर झाला नाही, तर नोकरी पक्की आणि बेकरीच्या माळ्यावरची खोली राहायला. पंधरा दिवस सुताराचं घर मिळालं की मुलीचं आयुष्य मार्गी लागणार होतं. म्हणून मंडळाने तिला रोज इथेच पाठवायचं ठरवलं. तीही झोपायची जमिनीवरच.

चार दिवस झाले आणि पाचव्या सकाळी मंडळाच्या बाई फाइल घेऊन दारात.

"तुम्ही एका खोलीत दोघांना ठेवता," त्या म्हणाल्या. "नियम एकाचा आहे."

"दोघं? अहो, कोण दोघं?"

बाईंनी कागद पुढे केले. प्रत्येक पाहुणा निघताना एक चिठ्ठी भरून मंडळात देत असे. त्यात एक प्रश्न होता: रात्री खोलीत तुम्ही एकटे होता का? सहा पाहुण्यांची सहा वेगवेगळी हस्ताक्षरं, आणि सगळ्यांचं एकच उत्तर. नाही.

"बाई, दुसरा आणू कुठून? लाकडातून कोरून काढू?"

"चेष्टा करू नका. मला तुमचं घर यादीतून काढावं लागेल. मुलीची सोय नदीपलीकडे करते."

"आणि तिकडून पहाटे चारला ती उडत येणार का?" सुताराचा आवाज चढला. "एवढं करून हे फळ! येऊन बघा तरी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी."

बाई संध्याकाळी सातला आल्या. पलंगाखाली वाकून पाहिलं, खिडकीची कडी ओढून पाहिली. चादर ताठ होती, उशी फुगलेली.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "आता तू पलंगावर झोपून दाखव. मी सही करते, विषय संपला."

मुलगी दारातच थांबली होती.

"नको."

"का गं?"

"जाग येईल." ती अगदी हळू बोलली.

"कोणाला?" सुताराच्या संयमाचा बांध फुटला. "अगं, नाव तरी सांग!"

"आम्ही विचारत नाही काका. आधी कोणी येऊन झोपलं असलं की ती जागा त्याची. उठवायचं नाही, काही विचारायचं नाही. रस्त्यावर असंच असतं." तिने मानेनेच पलंग दाखवला. "तोंड भिंतीकडे असतं. मी पहाटे निघते तेव्हाही तसंच असतं."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मग माझा इलाज नाही."

मुलीचे डोळे भरून आले. पंधरापैकी चारच दिवस झाले होते. तरी तिचं पाऊल पुढे पडेना.

सुतार ताडताड चालत गेला आणि धपकन पलंगावर बसला.

"हे बघ! आहे का इथे को..."

गादी उबदार होती.

तो उठला. अलगद उठला. अलगद का, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

बाईंचं पेन हवेतच राहिलं.

तेवढ्यात पिटुकली आत आली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पलंगाशी गुडघे टेकले आणि भिंतीच्या बाजूला वाकून काहीतरी कुजबुजली. थांबली. मान हलवली. मग उभी राहून तिने हात पुढे केला आणि बोटं हळूच मिटली.

"ताई, तू झोप आता," ती मुलीला म्हणाली. "पहाटे उठायचंय ना तुला?"

ती दाराकडे निघाली, एक हात मागे धरून, सावकाश. मुलगी भिंतीला चिकटून बाजूला झाली. बाईही झाल्या. दार अरुंद होतं. पिटुकली तिथे अंग तिरकं करून कडेला झाली, थोडी थांबली, आणि मग निघाली.

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने पाय वर घेतले आणि डोकं उशीवर टेकलं. बाईंनी सही केली. सही ओळ सोडून खाली घसरली.

सुतार लेकीच्या खोलीपाशी गेला. आत जायला त्याचा पाय उचलेना. पिटुकलीने आपली उशी पलंगाच्या अगदी बाहेरच्या कडेला ओढली होती. ती तिथे अंग चोरून आडवी झाली, आणि पांघरूण तिने अर्धंच घेतलं.