कुंडीतलं खापर

"हात लावायचा नाही, नुसतं बघायचं," असं मावशीनं बजावलं होतं. म्हणून ढब्बूनं हात पाठीमागे बांधले आणि सरळ नाकच काचेला टेकवलं. काचेवर वाफ धरली, तशी ताईनं त्याला शर्टाला धरून मागे ओढलं.

काचेपलीकडे सिंधू लिपी कोरलेली चिमुकली दगडी मुद्रा होती. तिच्यावर एक मासा आणि शेजारी कान असलेलं भांडं. मावशी या वस्तुसंग्रहालयात संशोधक होती, आणि सुट्टी लागली की ताई, तिचा भाऊ ढब्बू आणि मामेबहीण टिवटिव यांचा मुक्काम तिच्याकडेच. मावशीला वाटायचं, ही चिन्हं म्हणजे धातू गाळणाऱ्या कारागिरांच्या नोंदी असाव्यात. कुठला धातू, कुठल्या भट्टीतला, असं काहीतरी. संचालकांच्या मते हे सगळे कल्पनेचे इमले! आज दुपारी एक वयोवृद्ध तज्ज्ञ येणार होते. त्यांना पटलं नाही, तर मावशीचं काम गुंडाळायचं हे ठरूनच गेलं होतं.

मावशीची सगळी भिस्त एका खोक्यावर होती. उत्खननात ही मुद्रा एका जुन्या भट्टीपाशी सापडली, आणि तिच्याबरोबरच मुशींची, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यांची, खापरं निघाली होती. ती धुवायच्या आधीच मावशी आजारी पडली, ती महिनाभर रजेवर. आज सकाळी खोकं उघडलं तर आत नुसती धूळ! मावशीनं खोकं उलटं करून झटकून पाहिलं. तिचा तो चेहरा मुलांना बघवेना.

मग काय, तिघांनी संग्रहालय पालथं घातलं. टेबलांखाली, कपाटांमागे, मागच्या अंगणातल्या कचऱ्यातसुद्धा. ढब्बूच्या केसांत जळमटं अडकली, पण खापर काही हाती लागेना.

एरवी टिवटिवचं तोंड क्षणभर मिटायचं नाही. तीच व्हरांड्यात एकदम गप्प झाली. तिथे संचालकांच्या लाडक्या कुंड्या रांगेत मांडलेल्या होत्या, आणि एका कुंडीखालच्या पांढऱ्या बशीत हिरवट डाग पडला होता.

"शाळेच्या जुन्या घंटेवर असाच थर चढतो," ती कुजबुजली. "तांबं असलं की चढतो. मग कुंडीत तांबं कुठून आलं? मुशीच्या खापरातलं तर नसेल?"

ढब्बू कुंडी उलटी करायलाच निघाला होता. ताईनं त्याचा हात धरला. संचालकांच्या झाडाचं पान जरी हललं, तरी ते सगळं संग्रहालय डोक्यावर घेत. "त्यांच्याच हातानं करवून घेऊ," ताई म्हणाली आणि तडक त्यांच्या खोलीत गेली.

तिनं झाडांचं कौतुक केलं, आणि इतकं पाणी घालूनही मुळं कुजत कशी नाहीत, असं भोळेपणानं विचारलं. संचालकांची कळी खुलली. ते स्वतः व्हरांड्यात आले, बाह्या वर सारल्या आणि कुंडी अलगद उलटी करून दाखवली.

"हे बघ, तळाच्या भोकावर खापर ठेवायचं. पाणी निघून जातं, माती राहते."

"आणि एवढी खापरं मिळाली कुठे, सर?"

"अगं, तुझ्या मावशीच्या खोलीत खोकंभर पडली होती की..." बोलता बोलता ते थबकले. हातातल्या खापराकडे बघतच राहिले.

टिवटिव मावशीला बोलवायला धावली, तोवर संचालकांनी बाकीच्या कुंड्यांतली खापरंही बाहेर काढली. मावशीनं एकेक तुकडा मऊ ब्रशनं धुतला. एकाच्या आतल्या बाजूला हिरवा पडलेला तांब्याचा थेंब चिकटला होता. तिनं तो तुकडा उलटा केला, आणि सगळे पुढे वाकले. बाहेरच्या बाजूला मासा होता, शेजारी कान असलेलं भांडं! मुद्रेवरचा मासा उजवीकडे बघत होता, हा डावीकडे. ओल्या मातीवर तीच मुद्रा दाबली होती. मावशी हसत होती आणि डोळेही पुसत होती.

दुपारी तज्ज्ञ आजोबांनी भिंगातून कितीतरी वेळ तो तुकडा पाहिला. एवढ्यानं लिपी वाचता आली असं नाही, हे मावशीनं आपणहून सांगितलं. आजोबांना तेच फार आवडलं. "पण या चिन्हांचा भट्टीशी संबंध आहे, हे तर दिसतंय. काम थांबवायचं नाही," ते म्हणाले. "हे शोधलं कुणी?"

संचालक खाकरले. "या मुलांनी. आणि हरवलं होतं मी."

आजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. ढब्बूचे हात अजून पाठीमागेच होते. मावशीनं ते हळूच पुढे घेतले, तळव्याखाली मऊ कापड धरलं आणि मासा उमटलेलं खापर त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"लाव हात," ती म्हणाली.