चोवीस व्होल्ट आणि गार पेटी

चंद्रावरच्या वसाहतीत पहिल्यांदाच कोंबडीची पाच अंडी उबवायला ठेवली होती. उद्या एकविसावा दिवस, पिल्ले बाहेर येण्याचा. आणि आज सकाळी पेटीतले तापमान सदतीसवरून तेहतीसवर उतरलेले. पेटी सांभाळायचे काम अकरा वर्षांच्या ऋजुताकडे होते.

तिने व्होल्टमीटरच्या (विद्युतदाब मोजणाऱ्या यंत्राच्या) दोन तारा पेटीतल्या हीटरच्या दोन टोकांना लावल्या.

"आजोबा, चोवीस व्होल्ट आहेत. मग पेटी गार का?"

वसाहतीची वीज सांभाळणारे भार्गवआजोबा चष्मा पुसत म्हणाले, "मी चुकतही असेन, पण दाब आहे म्हणजे वीज वाहतेच असं नाही. टाकी भरलेली असून नळ तुंबला, तर पाणी येईल का? प्रवाह मोजून बघ."

ऋजुताने अ‍ॅमीटर (विद्युतप्रवाह मोजणारे यंत्र) त्याच दोन टोकांना लावला. फट् असा आवाज झाला. तिचा चेहरा उतरला.

"मीटर गेला?"

"नुसता फ्यूज गेला. दुसरा आहे. अ‍ॅमीटर जवळजवळ साध्या तारेसारखा असतो, त्यामुळे सगळी वीज त्यातूनच धावली. तो विजेच्या वाटेतच बसवायचा. त्यासाठी एक वायर सोडावी लागते."

"वायर सोडायची? शाळेत पहिल्या दिवशी सांगतात, कुठलीही वायर सोडायची नाही. हवा बंद पडेल."

"ते हवेच्या पंपांसाठी. पेटीला वेगळं बटण आहे. आधी ते बंद कर."

बटण बंद करून ऋजुताने मीटरचा फ्यूज बदलला, एक वायर सोडली, मध्ये मीटर जोडला आणि बटण लावले. काटा शून्यावरच.

"वाट तुटलीय कुठेतरी," ती म्हणाली. मग थांबली. "पण हीटरच्या टोकांपर्यंत दाब पोचतोय. म्हणजे... आतच तुटलीय?"

"मी शिकत होतो तेव्हा मला हे कळायला दोन दिवस लागले होते," आजोबा पुटपुटले.

बटण बंद करून तिने हीटरचे झाकण उघडले. आतल्या तारेचे टोक स्क्रूखालून निसटले होते. ते घट्ट बसवून, झाकण लावून तिने बटण दाबले. काटा चार अँपिअरवर गेला.

दोघेही तापमापकाकडे बघत बसले. चौतीस, पस्तीस. सदतीस झाल्यावर आजोबांनी कधीचा धरलेला श्वास सोडला.

"वायर न सोडता प्रवाह मोजता येत नाही का? पंपांचा मोजायचा झाला तर?" ऋजुताने विचारले.

"येतो. कड्यासारखा एक मीटर असतो, तो वायरभोवती नुसता धरायचा. वाहणाऱ्या विजेभोवती..."

"शू, आजोबा."

एका अंड्यातून बारीक चिवचिव येत होती.