ठेवायला दिलेला आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका शाळेत चला. कौलारू छप्पर, अर्ध्या उंचीपर्यंत निळा चुना दिलेल्या भिंती, खिडकीबाहेर मोहाचं झाड. बाक नाहीत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब टाटपट्टी अंथरली आहे आणि तिच्यावर मुलं मांडीला मांडी लावून बसली आहेत. आता दारात एखादं नवीन मूल येऊन उभं राहिलं असं समजा. काय होतं? कोणाला काही सांगावं लागत नाही. कडेचं मूल सरकतं, त्याच्या शेजारचं सरकतं, आणि जागा होते. बाकावर मोजकीच मुलं मावतात. टाटपट्टीवर नेहमी आणखी एक मावतं.

पोंभुर्ण्याजवळच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. सगळे मला इंदुताई म्हणत. बेडूक पावसात का ओरडतो, सावली दुपारी लहान का होते, असलं मुलांनी विचारावं आणि मी सांगावं. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं, हेही मी त्यांना शिकवत असे. पुढे सांगते त्यातलं बरंचसं मला ठाऊक नाही. जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगते.

१९८३ साल. धान पिवळं पडू लागलं होतं. त्या दिवसांत आमच्या शाळेत एक इंग्रज संगीतकार आले. एडमंड हॅलोवे. गाणाऱ्यांच्या घोळक्यासमोर उभं राहून नुसत्या हातांच्या इशाऱ्यांनी त्यांना गायला लावायचं, हे त्यांचं काम. लहानपणी ते चर्चमध्ये गात, मग मोठमोठे गायकवृंद त्यांच्या हाताखाली आले. साठ माणसं गातात पण आवाज एकच येतो, अशी त्यांची ख्याती होती. आता ते स्वतः एक मोठी रचना करत होते. देशोदेशीच्या मुलांनी ती गायची होती आणि त्यात जंगलातली मुलं त्यांना हवी होती. आमच्या मुलांच्या तोंडी हॅलोवे बसेना. दुसऱ्याच दिवशी ते ‘हलवे साहेब’ झाले.

शेतांच्या बाजूने रोज सकाळी एक हाक यायची. “हुर्र हा! हुर्र!” मचाणावर बसून धानावरची पाखरं हाकलणारी धुरपता. नऊ वर्षांची पोर, पण आवाज नाल्यापलीकडे जायचा. विहारातली संध्याकाळची वंदनाही तीच सुरू करायची. तिचा आवाज उठला की माणसं हातातली कामं टाकून निघत. तिच्या आईला, रुखमाला, याचा कोण अभिमान! साहेबांनी ती हाक ऐकली आणि हातातला चहा तसाच ठेवून ते बांधावर धावले. तिला गाणाऱ्यांत घ्या, असं त्यांनीच सांगितलं.

पण धुरपताचा आवाज इतरांत मिसळेना. बाकीच्या मुलांचे आवाज एकमेकांत विरघळत आणि हिचा वर तरंगत राही. साहेब या मुलांना घेऊन चंद्रपूरला एक कार्यक्रम करणार होते, तो जवळ आला. एका दुपारी साहेबांनी हात खाली घेतले आणि आमच्या हेडमास्तरांना, गुणवंतरावांना, इंग्रजीत काही सांगितलं. माझं इंग्रजी पुस्तकी, पण तेवढं मला कळलं. ही मुलगी सगळं बिघडवते आहे, तिला म्हणावं गाऊ नकोस, नुसते ओठ हलव.

गुणवंतराव मऊ मनाचे. पोरीला असं तोंडावर कसं सांगायचं? ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

“बेटा, साहेब म्हणून राह्यले, तुहा आवाज लय मोठा हाये. एवढा मोठा आवाज मोटारीत मावत नाई. तो साहेबाजवळ ठेवाले दे. कार्यक्रम झाला का वापस.”

“मंग मी काय करू, सर?”

“तू नुसते ओठ हलव.”

मागून कोणीतरी म्हणालं, “हलवे साहेब, ओठ हलवे!” सगळे खदखदून हसले. धुरपता हसली नाही. तिने दोन्ही तळवे गळ्यावर ठेवले आणि भरलेली ओंजळ धरावी तशी ओंजळ साहेबांपुढे केली. साहेबांना वाटलं, ही इकडची नमस्काराची रीत असावी. तेही वाकले. आपली ओंजळ तिच्या ओंजळीखाली धरून त्यांनी ते घेतलं.

चंद्रपूरचा कार्यक्रम फार छान झाला. खरंच एकच आवाज येत होता. धुरपता मागच्या ओळीत ओठ हलवत होती.

कार्यक्रम संपला. साहेबांची मोटार नागपूरला जायला उभी होती. धुरपता गर्दीतून वाट काढत मोटारीपाशी गेली आणि तिने रिकामी ओंजळ पुढे केली. साहेबांनी हसून तिच्या ओंजळीत लाल कागदातली एक गोळी ठेवली. मोटार निघून गेली. ती तशीच उभी. परतताना एसटीत सगळी मुलं गात होती. तिच्या मुठीत ती गोळी होती.

दुसऱ्या दिवशी मचाणावरून हाक आली नाही. पाखरं धानावर उतरली.

आधी वाटलं, रुसली असेल. मग वाटलं, घसा बसला असेल. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. घसा, कान, जीभ, सगळं ठणठणीत. मनावर धक्का बसला असेल, म्हणाले. मीही रुखमाला तेच समजावलं. पण मुलांनो, न बोलणारं मूल रडताना हुंदका देतं, खोकताना खोकल्याचा आवाज येतो. एकदा माझ्या वर्गात फळा पुसताना खडूची धूळ उडाली आणि धुरपता शिंकली. अंग हललं, डोळे मिटले, नाकाला हात गेला. आवाज आला नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

विहारात वंदना सुरू करायला दुसरी मुलगी उभी राहू लागली. रुखमा मागे, दाराशी बसू लागली. एकदा ती शाळेच्या पायरीपर्यंत आली. आत आली नाही.

“मास्तर, तुमी तं खडूचा तुकडा बी वापस मागता,” ती गुणवंतरावांना म्हणाली. “माह्या पोरीचा आवाज कुठी ठेवला?”

गुणवंतरावांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून ते मुलांशी बोलताना मुलांच्या पायांकडे पाहत.

१९८६ च्या मार्चमध्ये साहेब परत आले. मोह गळत होता, सगळ्या शाळेत त्याचा गोड, आंबूस वास भरला होता. सोबत कोणी नव्हतं. माणूस निम्मा झाला होता. हात कोटाच्या खिशात घट्ट कोंबलेले, अशा उकाड्यातही.

कार्यालयात बसून त्यांनी सांगितलं. इथून गेल्यावर त्यांच्या गावी पहिलीच तालीम होती. मुलांआधी रचना मोठ्यांकडून गाऊन घ्यायची होती, म्हणून सगळी मोठी माणसं. त्यांच्या रचनेच्या मधोमध एक लांब स्तब्धता होती, कोणीच गायचं नाही अशी. साहेबांनी हात वर धरले, साठ तोंडं मिटली, आणि त्या शांततेत एका पोरीने हाक दिली. “हुर्र हा!” सभागृहात मूल नव्हतं. त्यानंतर जिथे हात वर केले तिथे ती आली. चर्चमध्ये आली. रेडिओच्या ध्वनिमुद्रणात आली, पुसली तरी पुन्हा आली. एका अंत्यविधीतही आली. लोक आधी हसले, मग त्यांना कामाला बोलावेनासे झाले.

“तुम्ही तिला त्या दिवशी नेमकं काय सांगितलं होतं?” त्यांनी गुणवंतरावांना विचारलं.

गुणवंतरावांनी सांगितलं. ओंजळीचं सांगितलं, मोटारीपाशी तिने काय मागितलं तेही सांगितलं. साहेबांनी तोंड झाकायला खिशातून हात काढले आणि लगेच परत आत घातले.

“मी काय म्हणालो होतो, ते आता तिला सांगा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

मुलं घरी गेली होती. रिकाम्या वर्गात टाटपट्टीच्या मधोमध धुरपता बसली. रुखमा आज आत आली होती, भिंतीला टेकून उभी होती. धुरपताने मूठ उघडली आणि ती गोळी साहेबांच्या पुढ्यात ठेवली. कागदाचा लाल रंग उडाला होता. गोळी आत तशीच होती.

गुणवंतराव खाली बसले.

“बेटा, मी तुह्याशी खोटं बोललो. साहेबानं आवाज मागतला नोयता. साहेब म्हणे, ही पोरगी सगळं बिघडवते. तिले म्हणा, गाऊ नको.”

धुरपताने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हो. ते आमच्या मुलांकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाले, “मी बोलला. माझी लाज.”

मग त्यांनी खिशातून हात काढले. धुरपताने ओंजळ पुढे केली. आपलीही ओंजळ करून त्यांनी ती धुरपताच्या ओंजळीवर उपडी केली. आणि उभं राहून, हळूहळू, दोन्ही हात वर उचलले.

धुरपताने तोंड उघडलं.

“हुर्र हा!”

खिडकीची तावदानं वाजली. मोहावरची पाखरं भर्रकन उडाली. रुखमा हसत होती, रडत होती, भिंतीवर तळहात आपटत होती. “माही धुरपता! आला वो बाई, आला!” गुणवंतरावांनी चष्मा काढून धोतराने डोळे पुसले.

साहेबांनी हात खाली घेतले.

आवाज थांबला नाही.

धुरपताच्या हाकेमागून दुसरा आवाज येत होता. बारीक, किनरा, एका मुलाचा. इंग्रजी शब्द होते. तिला इंग्रजी येत नव्हतं. मग तिसरा आवाज, जाडसर, जरा बेसूर. मग कुठल्या भाषेतला कोण जाणे, चौथा. ते सगळे एकाच वेळी गात होते आणि एकही दुसऱ्यात मिसळत नव्हता.

मी विज्ञानाची शिक्षिका. मी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. शाळेत रेडिओ नव्हता.

साहेब भिंत धरून खाली बसले होते. ते पुटपुटत होते. मला वाटलं, प्रार्थना करतात. जवळ गेले तेव्हा कळलं, नावं होती.

“टॉमस,” ते म्हणाले. थोडं ऐकून, “रूथ.” मग, “छोटा बर्नार्ड.”

“कोण हे?” मी विचारलं.

“त्यांनाही मी हेच सांगितलं होतं,” ते म्हणाले. “नुसते ओठ हलवा.”

मी वळून पाहिलं. धुरपताचं तोंड मिटलेलं होतं.

गाणं चालूच होतं. आता ते दारातून येत होतं.

रुखमाचं हसू थांबलं. “धुरपता,” ती हलकेच म्हणाली, “इकडं ये.”

धुरपता दाराकडे पाहत होती. ती घाबरली नव्हती. शाळेच्या पहिल्या दिवशी दारात अडखळलेल्या नव्या पोराकडे पाहावं, तशी पाहत होती.

मग ती सरकली.

थोडं थांबून आणखी सरकली. दाराकडे नजर, हाताने टाटपट्टीवरची धूळ झटकत, बसल्या बसल्या ती सरकत गेली, तिची पाठ भिंतीला लागेपर्यंत.

गाणं आता टाटपट्टीवरूनही येत होतं, तिच्या अगदी शेजारून. तिने त्या भरलेल्या टाटपट्टीकडे एकदा पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. मग ती उठली, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली दुसरी टाटपट्टी ओढत आणली, आणि तीही अंथरली.