दूधकाट्याची कोरी पुडी

“बी कुटायचं ते घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. पुडी हातात ठेवण्याआधी विचारायचं, डॉक्टरांच्या कानावर घातलंय का? नाही म्हणाला तर पुडी मागे घ्यायची. रुसला तर रुसू दे.”

आई जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी काटेबाई रोज सकाळी दुकानाची फळी उघडताना तिचे हे शब्द मनात म्हणायची. मंगळवारपासून फळी उघडली नव्हती. तिच्यावर आरोग्य खात्याचं सील होतं आणि शेजारी कागद चिकटवला होता: ‘भेसळयुक्त वनौषधी विकल्याच्या संशयावरून बंद.’

“तो कागद खोटा आहे,” ती म्हणाली. “आणि मी सही करणार नाही.”

समोर वहिनी बसल्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. आता घराच्या पुढच्या खोलीत बसून त्या लोकांचे तपास करून देत. त्यांचे दीर, निवृत्त टपालमास्तर, सदैव त्यांच्यासोबत असत आणि त्यांना वहिनी म्हणत. त्यांचं ऐकून सगळा गावच वहिनी म्हणू लागला. त्याच न्यायाने टपालमास्तर सगळ्यांचे भाऊजी झाले.

काटेबाईने सांगितलं ते असं. तिच्या दुकानात मिल्क थिसलचं बी मिळे. त्या काटेरी झाडाला तिच्याकडे दूधकाटा म्हणत. त्याचं तपकिरी, चकचकीत बी लोक यकृतासाठी पिढ्यान्‌पिढ्या घेत आलेत. ती मात्र प्रत्येकाला बजावे, ही औषधाला जोड आहे, औषधाच्या जागी नाही. म्हातारे घड्याळजी वर्षभर हे बी घेत होते, डॉक्टरांना सांगून. तब्येत सुधारत होती. आणि मागच्या आठवड्यात अचानक डोळे पिवळे झाले, त्यांना रुग्णालयात हलवलं. उशाशी काटेबाईच्या शिक्क्याची पुडी सापडली. आत भुकटी. तपासणीत त्या भुकटीत दुखण्यावरच्या गोळ्यांचं औषध निघालं, तेही यकृत पिळून काढेल इतकं.

“अधिकारी म्हणतात, नजरचुकीने मिसळलं असं लिहून द्या. महिनाभर दुकान बंद राहील, मग विषय संपला. नाहीतर शुक्रवारी परवाना कायमचा जाईल.”

भाऊजींना यात काही वावगं वाटलं नाही. एका महिन्याचाच प्रश्न आहे, डोकं खाली घातलं की वारं वरून जातं, असं त्यांनी सुचवून पाहिलं.

“काट्याला वाकता येत नाही, भाऊजी,” काटेबाई म्हणाली. “तो मोडतो, नाहीतर टोचतो.”

वहिनी हसल्या. त्यांनी एकच विचारलं: घड्याळजींना भुकटी दिली होती का? कधीच नाही, काटेबाई म्हणाली. बाकीच्यांना समोर कुटून देते, तेही आठवड्यापुरतं, कारण पुढे ते खवट होतं. घड्याळजींच्या घरी त्यांचा स्वतःचा पितळी खल आहे. ते अख्खंच बी नेत.

मग वहिनींनी तिला तिथेच थोडं बी कुटायला लावलं. तिच्या पिशवीत थोडं बी आणि छोटा खल होताच. दोन चमचे भुकटीची पुडी बांधून झाली.

“भाऊजी, ही उजव्या खिशात ठेवा. आणि शुक्रवारपर्यंत सदरा बदलू नका.”

“आज बुधवार आहे, वहिनी.”

“म्हणूनच सांगते. धुवायला टाकाल.”

भाऊजींच्या पांढऱ्या सदऱ्याला छातीवर दोन खिसे होते आणि त्या सदऱ्याचा त्यांना फार अभिमान होता. पण तपासाच्या कामात वहिनींशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

आरोग्य कार्यालयात अधिकाऱ्यांनी नाइलाजाने उशाशी सापडलेली ती पुडी दाखवली. करड्या कागदावर काट्याचा शिक्का होता, आत निम्मी भुकटी. कागद कोरा करकरीत. वहिनींनी भुकटी हुंगली, कसलाच वास नव्हता. मग भिंगाखाली पुडीची घडी उलगडली. तळाच्या दुमडीत मोहरीहून लहान पितळी स्क्रू अडकला होता.

“कचरा,” अधिकारी म्हणाले. “त्या बाईच्या दुकानात काय काय असतं.”

भाऊजींनाही तसंच वाटलं. वहिनींनी स्क्रूची नोंद करून घ्यायला लावली.

पहिली गाठ पडली काटेबाईच्या दुकानासमोरच्या केमिस्टची. तिच्याविरुद्ध दोन वर्षांत चार तक्रारी केल्याचं त्याने न विचारताच कबूल केलं. तिची गिऱ्हाइकं त्याच्या पायरीवर बसतात आणि वर त्यालाच वेळ विचारतात. पण भेसळ? त्यासाठी तिच्या दुकानात शिरावं लागेल, आणि तिथे त्याला उभं कोण करतंय?

निघता निघता वहिनींनी सहज विचारलं, दूधकाटा हे नाव कुठून आलं असेल?

“पानांवर पांढऱ्या शिरा असतात, दूध सांडल्यासारख्या. शिकलोय मी, बाई.”

घड्याळजींच्या घराचं दार त्यांच्या धाकट्या बहिणीने अर्धंच उघडलं. तिला सगळे आत्या म्हणत. काटेबाईने पाठवलंय म्हटल्यावर ते अर्धंही मिटू लागलं. भाऊजींनी पाणी मागितलं, तेव्हा कुठे आत जाता आलं.

आत्याचा राग साधा होता. तीन-चार आठवड्यांपूर्वी सकाळी उंबऱ्यावर ही पुडी होती, सोबत चिठ्ठी. भावाचे दात दुखत होते, त्याच्या खलात भरड कुटलेलं बीही चाववत नव्हतं. बाईने आठवणीने कुटून पाठवलं म्हणून तो केवढा खूश झाला. चिठ्ठीत होतं म्हणून आत्याने रोज दूध गरम करून दिलं.

“माझ्या हातांनी दिलं मी ते,” ती म्हणाली. “तिला सांगा, या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.”

खिडकीत घड्याळजींचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल होतं. शेजारी कुंडीत एक काटेरी रोप मान टाकून उभं होतं. आत्याचा सगळा वेळ रुग्णालयात जात होता. नावाबद्दल विचारलं, तर तिने हनुवटीनेच खिडकी दाखवली. “दिसत नाही का? पानावर दूध सांडलंय.”

टेबलाचा खण उघडला तर आत करड्या पुड्यांची रांग होती. प्रत्येकीवर काट्याचा शिक्का, प्रत्येकीत स्क्रू, चाकं, स्प्रिंगा. सगळ्या पुड्या कोऱ्या करकरीत.

“तो काहीच टाकत नाही,” आत्या म्हणाली. “बी संपलं की पुडी पुसून कामाला लावतो.”

इतक्यात घड्याळजींचा पुतण्या आला. आठ महिन्यांपूर्वी नोकरी गेली तेव्हापासून तो काकांकडे राहत होता. हसतमुख होता, बोलायला लाघवी. यकृतासाठी दूधकाट्याच्या तयार भुकटीचे डबे तो घरोघर विकायचा. काकांना किती वेळा म्हटलं माझा डबा घ्या, पण त्यांना काटेबाईच हवी, असं म्हणत त्याने मान हलवली. खिडकीशी बसून चहा ओतून घेतला आणि भाऊजींना गुडघ्यावर हात फिरवताना पाहून डब्यातली थोडी भुकटी कागदात बांधून दिली.

“घेऊन तर बघा. तासाभरात गुडघे विसराल.”

“घेऊ नका,” वहिनी म्हणाल्या. “डाव्या खिशात ठेवा.” मग पुतण्याकडे वळून त्यांनी तेच विचारलं. दूधकाटा हे नाव का असेल?

तो हसला. “नावातच आहे की. दुधातून घ्यायचा काटा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी पाच मिनिटांची परवानगी दिली. घड्याळजींचा चेहरा हळदीसारखा होता, पण नजर शाबूत होती. धोका टळला होता. त्यांनी चष्म्याच्या पेटीतून घडी केलेली चिठ्ठी काढून दिली. खरंच, हा माणूस काही टाकत नव्हता. सुटी सुटी, बदललेली अक्षरं: ‘दातांसाठी कुटून पाठवत आहे. दूधकाटा दुधातूनच घ्यावा.’

“तिने नाही केलं हे,” ते म्हणाले. “मी सांगतो, पण पिवळ्या माणसाचं कोण ऐकतं.” थोडा दम घेऊन म्हणाले, “तिला म्हणावं, खिडकीतलं रोप. मी आडवा झालो तर पाणी घालीन म्हणाली होती. बोललीय ती.”

वहिनींनी निरोप पोचवला. काटेबाईने तांब्या पिशवीत टाकला. ज्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, त्याच्या पलीकडे ते रोप होतं.

शुक्रवारी सकाळी अधिकाऱ्यांच्या खोलीत सगळे जमले. केमिस्ट तक्रारदार म्हणून होता, आत्या आणि पुतण्या घरचे म्हणून. अधिकाऱ्यांनी कबुलीचा कागद आणि पेन काटेबाईपुढे सरकवलं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि दोन्ही परत सरकवलं.

“परवाना जाईल,” अधिकारी म्हणाले.

“जाऊ दे. आईचं नाव जाणार नाही.”

वहिनींनी घसा साफ केला. “साहेब, कागदाआधी सदरा पाहता का? भाऊजी, उभे राहा.”

भाऊजी संकोचाने उठले. दोन दिवस ते छातीवर हात धरून हिंडत होते, त्याचं कारण आता सगळ्यांना दिसलं. उजव्या खिशावर पेल्याच्या बुडाएवढा तेलाचा डाग होता. डावा खिसा परीटघडीसारखा स्वच्छ.

“उजवीकडे काटेबाईने माझ्यासमोर कुटलेलं बी आहे,” वहिनी म्हणाल्या. “दूधकाट्याच्या बियांत भरपूर तेल असतं. अख्खं असेल तर ते आत राहतं, कुटलं की कागद पितो. दोन दिवसांत पुडी भिजून डाग कापडापर्यंत आला. तुमच्याकडची पुडी म्हणे तीन-चार आठवडे भुकटीने भरलेली होती. तिच्यावर डाग दाखवा.”

अधिकाऱ्यांनी पुडी उजेडात धरली. कागद कोरा होता.

“म्हणजे आत दूधकाट्याचं कुटलेलं बी नाहीच. खवट वासही नाही. शिक्का तिचा, माल दुसऱ्याचा. मग शिक्क्याची पुडी आली कुठून? तो पितळी स्क्रू आठवा. काटेबाईच्या दुकानात स्क्रू नसतात. घड्याळजींच्या खणात तिच्या रिकाम्या पुड्यांत ते भरलेले असतात. तिथलीच एक पुडी रिकामी केली, एक स्क्रू दुमडीत राहून गेला. त्या खणापर्यंत केमिस्टांचा हात पोचत नाही.”

केमिस्टने सुस्कारा सोडला.

“उरले घरातले दोघं,” भाऊजी नकळत म्हणाले, आणि आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खाली बसले.

“चिठ्ठी सांगेल,” वहिनी म्हणाल्या. “‘दूधकाटा दुधातूनच घ्यावा.’ हे लिहिणाऱ्याला वाटत होतं की नावात दूध आहे म्हणून दुधाशी नातं आहे. केमिस्ट पुस्तकातून शिकले, त्यांना ठाऊक आहे की ते दूध पानावरचं. आत्यांनी तर ते पान खिडकीतच दाखवलं. त्या अशी चिठ्ठी लिहिणार नाहीत. तिघांना मी एकच प्रश्न विचारला. चुकीचं उत्तर एकाचंच आलं.”

पुतण्या हसायला गेला, पण ते जमलं नाही.

“आठ महिने त्या खिडकीशी बसून चहा प्यालास,” वहिनी त्याला म्हणाल्या, “आणि एकदा पान पाहिलं नाहीस. ज्याच्या नावाने डबे विकतोस, ते झाड तुझ्या कोपराशी होतं. तुझी भुकटी भाऊजींच्या डाव्या खिशात आहे. डाग नाही, म्हणजे त्यातही बी नाही. मग तासाभरात गुडघे विसरायला लावणारं त्यात काय आहे, ते साहेबांनी तपासावं. मला वाटतं पुडीतलंच निघेल.”

 मग पुतण्या खाली मान घालून बोलू लागला. डब्यात गोळ्या कुटलेल्या असतात, हे त्याला माहीत नव्हतं. कंपनीचा माणूस देई, तो विकी. पण लोक विचारत, तुझ्या घरचे घेतात का? काका घेत नव्हते. म्हणून गुपचूप द्यायचं, ते अजून सुधारले की सगळ्यांसमोर सांगायचं, असा त्याचा बेत होता.

“आणि आजारी पडले तेव्हा?” हे आत्याने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. “डॉक्टर तीन दिवस विचारत होते, पोटात काय गेलंय. तू माझ्या शेजारी उभा होतास रे.”

 अधिकाऱ्यांनी शिपायाला डबा ताब्यात घ्यायला सांगितलं आणि पुतण्याला बसवून ठेवलं. मग कबुलीचा कागद स्वतःच फाडून ते काटेबाईला म्हणाले, झालं गेलं विसरा, दुपारी शिपाई येऊन सील काढून जाईल.

“सील शिपायाने काढलं तरी चालेल,” काटेबाई म्हणाली. “कागद तुम्ही चिकटवला होता साहेब, तो तुम्हीच काढा. चिकटवताना सगळी गल्ली बघत होती. काढतानाही बघू दे.”

अधिकाऱ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी चष्मा पुसत होत्या. शेवटी साहेबांनीच मान डोलावली.

बाहेर पायरीवर आत्या उभी होती. माफी मागणं तिला जमणारं नव्हतं. तिने कनवटीची किल्ली काढून काटेबाईच्या तळहातावर ठेवली.

“मी दादाकडे चाललेय. कुंडीच्या बुडाला भोक आहे. खाली ताटली ठेव, नाहीतर टेबल भिजेल.”

भाऊजी सदऱ्याचा डाग झाकत मागून आले. दुकान उघडायला आम्हीही येतो, जरा वाजतगाजत उघडू, केमिस्टालाही बोलावू, असं ते म्हणत होते.

“दुपारी,” काटेबाई म्हणाली.

कोपऱ्यावरच्या नळाशी तिने पिशवीतला तांब्या भरला, पदराने बाहेरून पुसला, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून सावकाश पावलं टाकत ती घड्याळजींच्या घराकडे निघाली.