खाडीवरचे दोन क्रूस

फिरंगी अमलातल्या त्या खाडीवर तांबडे फुटू लागले, ओहोटीने चिखल उघडा पडला, आणि पलीकडून खाडी उतरणाऱ्या वाटसरूंनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या रोखाने पाऊल टाकावे, तो दगडी क्रूस आपल्या चौथऱ्यावर नव्हताच! तुम्ही म्हणाल, दगडाला पाय फुटले काय? पाय नव्हे, वेठीचे खांदे मिळाले. मराठी स्वार याच वाटेने येणार अशी खबर लागताच गढीच्या कप्तानाने आदल्या संध्याकाळी तो उपटवून बाजूच्या दलदलीसमोर रोवला होता. हत्ती गिळून ढेकरही न देणारी ती दलदल!

वेठीला धरलेला इनास पाथरवट तेव्हाच पाया पडला होता. "कप्तानसाहेब, सकाळच्या ओहोटीला माझी लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येतेय, सासरचं सारं वऱ्हाड घेऊन. तीही क्रूस बघूनच चालणार."

"निरोप गेला, होडी गेली, नुसती हाक जरी गेली, तरी गाव जाळीन!" कप्तानाने फर्मावले.

आता पलीकडे ढोल वाजले. इनास रिकाम्या चौथऱ्यावर चढला आणि त्याने दोन्ही हात आडवे पसरले.

"अहो, खाली या! गोळी घालतील!" त्याची बायको कात्रीन कळवळली.

"का? हाक मारली का मी? बापानं लेकीची वाट बघू नये, असा हुकूम कुठं झालाय?"

वऱ्हाड थबकले. आज क्रूस दोन, त्यातला एक वाऱ्याने डुलणारा!

"तो माझा बापूस हाय!" नवरी ओरडली.

"मग असा वाळत घातल्यासारखा का गं उभा?" आतेसासूने विचारले.

"ते मागनं विचारू. जुन्या जागी हाय, तिकडंच चला!"

बुरुजावरून बार झाला. गोळी इनासच्या दंडातून आरपार गेली. रक्ताच्या वासाने खेकडे चौथरा चढून त्याचे घोटे कुरतडू लागले, हे मी सांगतो म्हणून खरे माना; पण शेवटचा वऱ्हाडी कोरड्यावर येईतो तो हात तसूभरही खाली आला नाही.

मग कप्तानाने वऱ्हाड काठावर बसवून त्यावर बंदुका रोखल्या आणि इनासला त्याच चौथऱ्याशी साखळदंडाने जखडले.

संध्याकाळच्या ओहोटीला पलीकडे भाले चमकले. स्वार दगडी क्रुसाच्या रोखाने सरळ निघाले. नवरीच्या तोंडावर तिच्या नवऱ्यानेच हात दाबून धरला होता. इनासने दंड उचलू पाहिला. साखळीने तो कमरेपाशीच अडवला.

पहिल्या घोड्याने मोठ्या विश्वासाने चिखलात पाय टाकला.