तेरेसाबायची तलंग

तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, खुडूक होऊन उबवायला बसली, त्या सकाळी रत्नप्रभा वेताची टोपली घेऊन शेजारच्या आयडाकडे अंडी मागायला निघाली. सत्त्याऐंशी साल, जानेवारी संपत आलेला. मरोळ गावठाणात तेव्हा कौलारू घरं होती, घरामागे केळी होत्या. कारखान्यांचे भोंगे वाजले की गावठाणातले कोंबडे चिडून उत्तर द्यायचे. आज दिंडोशीच्या घरात तिसऱ्या मजल्यावर बसून रत्नप्रभा हे सांगते, तेव्हा तिच्या आवाजात भीती नसते. माहेरचं काहीतरी सांगावं तशी ती सांगते.

रत्नप्रभा मूळची मालवणची. लग्न करून आली ती तेरेसाबायच्या मागच्या दोन खोल्यांत. नवरा मधुकर औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर कामाला होता आणि चार वर्षांची मुलगी मृणालिनी, सगळ्यांची मिनू. तेरेसाबाय घरमालकीण. मुलगा आखातात, नवरा कधीच गेलेला. तिचं सगळं जग म्हणजे कोंबड्या आणि मागच्या दाराची दगडी पायरी. रोज दुपारी कामं उरकली की ती लुगड्याचा घोळ पसरून त्या पायरीवर बसायची, चिमूटभर तपकीर ओढायची आणि ‘बा... बा... बा...’ अशी घोगरी साद घालायची. असतील तिथून कोंबड्या धावत यायच्या. मिनूही यायची, त्यांच्यासारखीच.

नोव्हेंबरात तेरेसाबाय वारली. पुढच्या घराला कुलूप लागलं. कोंबड्या वाटल्या गेल्या. ही एक काळी तलंग मात्र मागच्या अंगणातून हलेना, म्हणून ती रत्नप्रभाकडे राहिली.

आयडा तेरेसाबायची भाची. तिच्याकडे कोंबडा होता, त्यामुळे अंडी उबवण्याजोगी. तिने अकरा काढून दिली.

“पहिलटकरीण आहे गं ती,” आयडा म्हणाली. “फार भरवसा ठेवू नको. पहिल्या खेपेला त्यांना कळतच नाही, आपण कशावर बसलोय ते. अर्ध्यातून उठून जातात.”

“बघू. आंटीच्या हातची शेवटची आहे,” रत्नप्रभा म्हणाली.

तेरेसाबाय करायची तसंच तिने केलं. टोपलीत राख, राखेवर सुकं गवत, प्रत्येक अंड्यावर कोळशाने एक फुली. टोपली पायरीच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवली. तलंग अंगावरची पिसं फुलवून बसली, ‘खुड् खुड्’ करत. जवळ गेलं की फिस्कारायची.

पहिले चार-पाच दिवस बरे गेले. नळाला पाणी यायचं भर दुपारी, बारा ते एक. गावठाण त्या वेळी अगदी सुनं असायचं. भोंगा होऊन गेलेला, पुरुष कामावर, म्हातारी माणसं आडवी झालेली, आणि उन्हात नुसता माशांचा आवाज. सहाव्या दिवशी रत्नप्रभा हंडा घेऊन परत आली, तर तलंग शेवग्याखाली धुळीत लोळत होती. कितीतरी वेळ लोळत असावी, कारण तिथे चांगला खळगा झाला होता.

रत्नप्रभाने हंडा टाकला आणि टोपलीत हात घातला. अंडी गार असायला हवी होती.

ती गरम होती. आणि सकाळी वर दिसणाऱ्या फुल्या आता सगळ्या खाली होत्या. अंडी कुणीतरी एकेक करून फिरवली होती.

तलंगच फिरवून गेली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. खुडूक कोंबडी फिरवतेच अंडी.

पण बाराव्या दिवशी तलंग संध्याकाळी उठून गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आयडाच्या कौलांवर सापडली, अंग चोरून बसलेली. माघाचा गारठा होता. रात्रभर अंडी उघडी पडली होती.

“झालं, वाट लागली,” मधुकर डबा बांधता बांधता म्हणाला. “टाकून दे आता. उगाच घाण सुटेल.”

रत्नप्रभाला रडूच आलं. तो गेल्यावर ती टोपलीशी बसली. गवताला हात लावला आणि तशीच थांबली. आत ऊब होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणात असते तशी. वाकली तेव्हा वास आला. खोबरेल तेलाचा, आणि त्यात मिसळलेला तपकिरीचा.

ती मागे सरकली. अंगावर काटा आला होता, पण पळावंसं वाटलं नाही.

आयडाला सांगितलं, तेव्हा आयडाने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून खूण केली. मग अगदी हळू म्हणाली, “आत्या... कुणाचं वाईट करायची नाही गं.”

“ठाऊक आहे मला.”

“तरी पण... पोरीकडे लक्ष ठेव.”

एकविसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज आले. तलंग पुन्हा येऊन बसली होती, पण पोटाखालून ‘चिव’ ऐकताच ती दचकून उभी राहिली. एका कवचाला भोक पडलं, चोचीचं टोक दिसलं, ओलं पिल्लू धडपडत बाहेर आलं. तलंगने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि काही कळायच्या आत त्याच्या डोक्यावर चोच मारली. रक्ताचा थेंब आला. रत्नप्रभाने पिल्लू उचललं, तेवढ्यात तलंग ओरडत कुंपणापलीकडे गेली.

संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा पिल्लं बाहेर आली होती. रत्नप्रभाने ती फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवली. आई नाही तर ही जगणार कशी, याच विवंचनेत ती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टोपली जरा उन्हाला ठेवली. पिल्लं एकेक करून काठावरून उतरली. आणि चालू लागली. सरळ रांगेत, एकामागे एक, आईच्या मागे जातात तशी. पुढे कुणी नव्हतं. रांग अंगण ओलांडून दगडी पायरीशी गेली. तिथे पिल्लं अर्धगोल करून एकमेकांना चिकटली आणि माना आत घेऊन, डोळे मिटून झोपली. वर उन्हाचा तुकडा होता आणि रिकामी पायरी. पण पिल्लं अशी बसली होती, जणू त्यांच्यावर काहीतरी पसरलेलं आहे. जाड, मऊ, उबदार.

रत्नप्रभा तिथेच मातीत बसली.

मग ती म्हणाली, “आंटी... चहा ठेवू?”

एका पिल्लाने झोपेत चिवचिव केली.

पुढचे पाच दिवस तसेच गेले. आयुष्यातले ते पाच दिवस रत्नप्रभा अजून जपून ठेवते. सकाळी ती कणी टाकायची. दुपारी पिल्लं रांगेने पायरीशी जायची. मिनू त्यांच्यात पाय पसरून बसायची आणि स्वतःशीच बडबडायची. रत्नप्रभा निर्धास्त झाली. इतकी, की नळावर जाताना ती मिनूला आयडाकडे सोडायची, ते तिने बंद केलं. पोर एकटी कुठे होती?

सहाव्या दिवशी नळावर तिचा हंडा अर्धा भरला होता. इतक्यात काळी तलंग कुठून तरी किंचाळत आली. पंख फडफडवत तिने थेट रत्नप्रभाच्या पायांवर झेप घेतली, चोच मारली, मागे पळाली, पुन्हा आली. बायका हसल्या. रत्नप्रभाला हसू आलं नाही. हंडा नळाखाली टाकून ती धावली.

पिल्लं पायरीशी होती. पण झोपलेली नव्हती. सगळी माना उंच करून चिवचिवत होती, केळींच्या दिशेने तोंड करून. मिनू नव्हती.

केळींमागून एक पायवाट जुन्या खदाणीकडे जात होती. दगड काढून काढून तिथे खोल खड्डा झाला होता आणि त्यात हिरवं पाणी साचून राहिलं होतं. रत्नप्रभा केळी ओलांडून गेली, तर वाटेवर पुढे मिनू चाललेली. एकटी. उजवा हात वर उचललेला, बोटं मिटलेली. एखाद्या मोठ्या माणसाचं बोट धरून पोर चालतं ना, तशी. आणि ती चालत कसली होती, दुडुदुडु धावत होती, कुणी घाईने ओढून नेत असल्यासारखी.

“मिनू!”

मिनूने ऐकलं नाही. खदाणीचा काठ वीस-पंचवीस पावलांवर होता.

तेवढ्यात मागून, अंगणाकडून, आवाज आला. घोगरा, फाटलेला, जिवाच्या आकांताने घातलेला.

“बा! बा! बा!”

मिनू थबकली. मागे वळून पाहू लागली. तिचा वर उचललेला हात जोरात पुढे खेचला गेला, ती गुडघ्यांवर पडली, पण उठली नाही. रत्नप्रभाने झडप घालून तिला उचललं. पोरीचं अंग उन्हाने तापलं होतं. उजवा हात मात्र मनगटापर्यंत थंडगार होता.

ती मागे न बघता अंगणात आली. पायरीपाशी काळी तलंग बसली होती. दोन्ही पंख पसरून, ‘क्लक् क्लक्’ करत. तिच्या पंखांखालून अकरा पिल्लं डोकावत होती. एखाद्या जुन्या, मुरलेल्या कोंबडीसारखी तिने रत्नप्रभाकडे पाहिलं आणि पिल्लं आणखी पोटाखाली ओढून घेतली.

त्यानंतर पिल्लं कधी रिकाम्या जागेमागे चालली नाहीत. तपकिरीचा वासही पुन्हा आला नाही. अकराही पिल्लं जगली, मोठी झाली, गावठाणात वाटली गेली. तलंगने पुढे, आयडाकडे गेल्यावरही, किती खेपा उबवल्या. एक अंडं वाया घालवलं नाही. पाऊस सरल्यावर मधुकरला दिंडोशीत खोली मिळाली. निघताना रत्नप्रभाने पायरी धुतली, उदबत्ती लावली, आणि आयडाने शेजारी मेणबत्ती.

हे सगळं ती कुणालाही सांगते. मिनूच्या पाठच्या मुलाची बायको आली, तिला सांगितलं, शेजारणींना सांगितलं. मृणालिनीला आता काही आठवत नाही; तीही हसत ऐकते. एवढंच मात्र रत्नप्रभाने तिला कधी सांगितलेलं नाही, की त्या दुपारी तिला मांडीवर घेऊन, तिचा तो गार हात दोन्ही हातांत चोळत आपण काय विचारलं होतं.

“बाळा... तुला आंटी घेऊन चालल्या होत्या?”

मिनूने मान हलवली. “नाही. आंटी इथेच होती. आंटी ओरडत होती, जाऊ नको म्हणून.”

“मग... तुझा हात कुणी धरला होता गं?”

मिनूने केळींकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजली, “नाव नाही सांगायचं. तुला नाव कळलं ना... तर तुला पण यायला लागेल.”